क्युसेक म्हणजे वेग नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पावसाळा लागला की आपल्या अंकात मी आधी एक चौकट शोधतो. कोयना धरणात साठा किती टीएमसी (म्हणजे किती अब्ज घनफूट), विसर्ग किती, आणि सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पातळी किती फूट. आम्हा नदीकाठच्या माणसांना ४० फूट म्हणजे इशारा आणि ४५ म्हणजे धोका हे लहान मुलांपासून सगळ्यांना पाठ असते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांवर गेले, तेव्हा घरातले धान्य माळ्यावरून गच्चीवर न्यावे लागले होते. म्हणून या चौकटीखालच्या बातमीतले एक वाक्य मला दरवर्षी खटकते : 'धरणातून अमुक हजार क्युसेक वेगाने पाणी सोडण्यात आले.' आपल्याच नव्हे, इतरही दैनिकांत ते असेच छापून येते.

क्युसेक हा वेग नाही. एका सेकंदात किती घनफूट पाणी गेले, याचे ते माप आहे. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २८ लिटर. दिवसभर ११,५७४ क्युसेक विसर्ग चालू राहिला तर एक टीएमसी पाणी खाली येते. पण ते पाणी माणसाला वाहून नेईल की नाही, हे नुसत्या क्युसेकवरून सांगता येत नाही. तेवढाच विसर्ग रुंद, खोल डोहात संथ असतो आणि अरुंद मोरीत पाय उपटून टाकतो.

मी ३१ वर्षे तंत्रनिकेतनात स्थापत्यच्या मुलांना हायड्रॉलिक्स शिकवले. तोंडी परीक्षेत एक प्रश्न मी हमखास विचारत असे : प्रवाह स्थिर असेल, म्हणजे कुठल्याही एका जागी वेग वेळेनुसार बदलत नसेल, तर पाण्याला त्वरण असेल का? बहुतेक मुले ठामपणे 'नाही' म्हणत. चूक त्यांची नव्हती. गाडीचा, फेकलेल्या दगडाचा वेग शिकून ती आलेली असत, आणि तिथे नजर एकाच वस्तूवर खिळलेली असते.

मग मी त्यांना कालव्यावर नेत असे. माझे वडील पाटकरी, म्हणजे कालव्याचे पाणी सोडणारे कर्मचारी, होते, त्यामुळे पाण्याशी माझी ओळख पुस्तकाच्या आधीची. वितरिकेवर पाणी मोजायला बांधकामात एक चिंचोळी जागा केलेली असते. शेजारी भिंतीवर मोजपट्टी. वडील मला काठावर बसवून सांगत, "पट्टीवरचं पाणी हालत नाय म्हणून फसू नको. हितं पाय घातलास तर गेलास." त्या वाक्यात अर्धे प्रकरण आले आहे.

तिथे मुलांना दाणे काढलेले मक्याचे कणीस पाण्यात टाकायला लावायचे. वरच्या रुंद भागात ते डुलत डुलत येई, सेकंदाला ६० सेंटिमीटरच्या आसपास. चिंचोळ्या तोंडाशी आले की नाक खाली घालून एकदम सुटे आणि पलीकडे सेकंदाला २ मीटरच्या वर जाई. मोजपट्टी मात्र तासभर त्याच आकड्यावर. पट्टीकडे बघणाऱ्याला काहीच बदललेले दिसत नाही आणि कणसाला विचाराल तर त्याला जोराचा हिसका बसलेला असतो. दोघेही खरे. एकाने जागा धरली, दुसऱ्याने पाण्याचा कण धरला.

हिसक्याचे गणितही सोपे आहे. २ मीटर अंतरात वेग ०.६ वरून २.१ झाला, म्हणजे दर मीटरला ०.७५ ने वाढला. मधला सरासरी वेग १.३५. दोन्हींचा गुणाकार साधारण १, हेच त्वरण, दर सेकंदाला एक मीटर प्रति सेकंद. एका घनमीटर पाण्याचे वस्तुमान हजार किलो, तेव्हा त्याला ढकलायला शंभर किलो वजनाएवढा जोर लागतो. तो येतो कुठून? चिंचोळ्या जागी पाण्याची पातळी खाली बसलेली दिसते ना, त्या उतारातून. मुलांचे डोळे या जागी चमकत. फळ्यावर तीच गोष्ट मांडली की माना खाली जात.

जागा धरून बघण्याच्या रीतीला ऑयलर या गणितज्ञाचे नाव आहे, कण धरून बघण्याच्या रीतीला लाग्रांज या दुसऱ्या गणितज्ञाचे. खरे तर दोन्ही ऑयलरच्याच. प्रवाहाची समीकरणे त्याने १७५७ साली छापली. हे श्रेय त्याला द्यायला हवे असे मला मनापासून वाटते.

आता आपल्या नदीकडे येतो. आयर्विन पुलाची पट्टी ही जागा धरून बघण्याची रीत. पूर चढत असतो तेव्हा तिथला वेग वेळेनुसार बदलतो, शिवाय पुलाच्या खांबांमधून जाताना जागेनुसारही बदलतो. पाण्याच्या कणाला लागणारे त्वरण या दोन्हींची बेरीज असते. आणखी एक गोष्ट लोकांना सांगायला हवी. कोयनेचे दरवाजे वर उचलले की सांगलीत पातळी वाढते, ती धरणातून सुटलेले तेच पाणी इथवर पोचण्याच्या आधीच. वरची वाढ नदीत असलेल्या पाण्याला पुढे रेटते आणि ही लाट पाण्याहून वेगाने धावते, रुंद पात्रात साधारण दीड ते पावणेदोन पट. पाणी पात्राबाहेर शेतांत पसरले की ती मंदावते. म्हणून 'कराडला टाकलेली फांदी अजून आली नाही, मग पाणी कसे येईल' हा हिशेब धोक्याचा आहे. असा हिशेब करून जनावरे उशिरा हलवलेली मी पाहिली आहेत.

माझ्या विनंत्या दोनच आहेत. 'क्युसेक वेगाने' याऐवजी 'क्युसेक विसर्ग' छापा. आणि पुलाजवळ करंट मीटरने वेग मोजला गेला असेल, तर त्या चौकटीत चौथी ओळ म्हणून तोही द्या, मीटर प्रति सेकंदात. घरातली पोरे पुराच्या पाण्यात उतरू बघतात तेव्हा त्यांना दाखवायला आम्हाला तो आकडा हवा आहे.

कळावे,
आपला नियमित वाचक,
एक निवृत्त अधिव्याख्याता, सांगली