आजोबांचा व्हिडिओ, ड्रोन आणि इतर

चि. निखिल,
अनेक आशीर्वाद.

फोनवर आपलं बोलणं नीट झालं नाही. तू "आई, अनोळखी लोकांचे फोटो-व्हिडिओ सगळेच काढतात" म्हणालास, मी काहीतरी लागेलसं बोलले, आणि तेवढ्यात तुझं नेटवर्क गेलं. गेलं की घालवलंस, ते विचारत नाही. मेल मध्येच तोडता येत नाही, म्हणून लिहायला बसले.

तो बुडापेस्टचा व्हिडिओ मी पुन्हा पाहिला. छान आहे रे. पिवळी ट्राम, नदी, पुलावरचे दिवे. ट्राम वळते तिथे तू घाई न करता थांबला आहेस, ते मला फार आवडलं. तुझ्या बाबांनाही तसं थांबता यायचं. पण थांब्यावरचे ते आजोबा! कॅमेरा त्यांच्याकडे वळतो आणि ते हात तोंडासमोर धरतात. ऊन लागलं म्हणावं तर संध्याकाळ आहे. तू ते तसंच ठेवलंस, वर पियानो लावलास. ताई म्हणाली, इमोशनल झालंय. मला तो माणूस नको म्हणताना दिसला.

हंगेरीत २०१४ पासून जो नवा दिवाणी कायदा आहे, त्यात माणसाचा फोटो छापायलाच नव्हे, काढायलाही त्याची संमती लागते. गर्दीचं दृश्य असेल तर गोष्ट वेगळी. पण बाकावर एकट्या बसलेल्या माणसावर कॅमेरा रोखला तर ती कसली गर्दी? ते कुठे तक्रार करणार आहेत, असं तू म्हणशील. नसतील करत. पण तू लहानपणी काय करायचास ते आठव. कुणी कॅमेरा काढला की तू पलंगाखाली. मीनाच्या लग्नाच्या आख्ख्या अल्बममध्ये तुझं एक कोपर आहे. अण्णांनी एकदा तुला ओढून बाहेर काढलं, तर तू असा आकांत केलास की फोटोग्राफरच म्हणाला, राहू द्या. तेव्हा मला लाज वाटली होती. आता वाटतं, पोराला आपला चेहरा आपला वाटत होता, त्यात वावगं काय होतं?

हे सांगायचं नव्हतं, सांगायचं होतं ते ड्रोनचं.

मला दंडाची भीती नाही. पैसे जातात, येतात. भीती फोनची आहे. तुझं तिकीट त्यात, नकाशा त्यात, हॉटेलचा पत्ता त्यात, आमचे नंबर त्यात. एखाद्या अधिकाऱ्याने तो काढून घेतला, की तू त्या खोलीत आणि आम्ही इथे. तू आम्हाला कळवणार कशाने? माझा नंबर तरी तुला पाठ आहे का? खरं सांग.

म्हणून कैरोला जाण्याआधी तो ड्रोन बर्लिनला नितीनदादाकडे ठेव. इजिप्तमध्ये २०१७ च्या कायद्याने संरक्षण खात्याच्या परवानगीशिवाय ड्रोन देशात आणणंही गुन्हा आहे, उडवायची गोष्ट लांबच. शिक्षेत तुरुंगवास आहे. "मी बॅगेतून काढणारच नाही" हे तिथे चालत नाही, कारण विमानतळावर बॅग ते काढतात, तू नाही. जर्मनीत हवा तेवढा उडव, पण तिथेही नोंदणी आहे. कॅमेरा असला की अडीचशे ग्रॅमपेक्षा हलक्या ड्रोनलाही चालवणाऱ्याची नोंदणी लागते, आणि १२० मीटरच्या वर न्यायचा नाही. नितीनदादाने केली आहे, तो दाखवेल.

साध्या फोटोंबद्दल इजिप्तने २०२२ मध्ये बरीच मोकळीक दिली. पर्यटकाने स्वतःसाठी रस्त्यावर फोटो काढले तर परवाना नको, पैसे नकोत. पण त्याच नियमात लहान मुलांचे फोटो नाहीत, मोठ्या माणसाचा काढायचा तर त्याची लेखी परवानगी हवी, आणि देशाची प्रतिमा बिघडेल असं काही टिपायचं नाही. हे शेवटचं कलम मला सगळ्यात वाईट वाटतं. प्रतिमा बिघडली की नाही हे ठरवणार कोण? समोर उभा असलेला शिपाई. तू आपला एखादी मोडकी भिंत बघून खूश होशील, तुला त्या आवडतातच, आणि तो म्हणेल, दाखवा फोन. पुन्हा फोनच.

कैरोच्या राष्ट्रीय संस्कृती संग्रहालयात राजांच्या ममी ठेवल्या आहेत ना, त्या दालनात फोटो काढायचा नाही. दुसरा रामसेस आहे तिथे. जाऊन तीन हजार वर्षांच्या वर झाली, तरी त्याच्या चेहऱ्यावर कॅमेरा धरायचा नाही म्हणतात. आणि थांब्यावरचे आजोबा तर जिवंत होते. असो. पुन्हा तिथेच आले.

आता तू म्हणशील, काही नियम मूर्खासारखे असतात. असतात, मान्य करते. सिस्टीन चॅपलमध्ये फोटो काढू देत नाहीत. त्याचा उगम म्हणे असा, की छताच्या डागडुजीचा खर्च एका जपानी टीव्ही कंपनीने केला आणि बदल्यात चित्रणाचे हक्क घेतले. ते हक्क कधीच संपले, बंदी तशीच राहिली. आयफेल टॉवर दिवसा कसाही काढा, रात्रीची रोषणाई मात्र कुणाच्या तरी मालकीची कलाकृती, धंद्यासाठी वापरायची तर परवानगी घ्या. तू घरच्यांसाठी काढलास तर कुणी विचारत नाही. पण तुझ्या त्या चॅनेलला आता जाहिराती लागतात, असं ताई सांगत होती. मग ते घरच्यांसाठी म्हणायचं की धंद्यासाठी? मला खरंच कळत नाही. तू बघ.

ग्रीसची एक गोष्ट मात्र सांगतेच. नोव्हेंबर २००१ मध्ये कालामाताच्या हवाई दलाच्या तळावर चौदा जणांना धरलं, बारा ब्रिटिश आणि दोन डच. त्यांचा छंद काय, तर विमानं बघायची आणि त्यांचे नंबर वहीत टिपायचे. असा छंद असू शकतो हेच तिथल्या लोकांना पटेना. हेरगिरीचा खटला झाला, पुढच्या एप्रिलमध्ये आठ जणांना तीन वर्षांची शिक्षा सुनावली, उरलेल्यांना मदत केली म्हणून वर्षाची. नोव्हेंबर २००२ मध्ये अपिलात सगळे निर्दोष सुटले. शेवट गोड झाला हे खरं. पण त्या मधल्या वर्षात त्यांच्या घरच्यांचं काय झालं असेल, ते मी रात्री पडल्या पडल्या मोजत असते. लष्कराची गाडी, बंदराचा धक्का, तारेचं कुंपण दिसलं की फोन खिशात. पासपोर्टच्या रांगेतही. तुला तो शिक्का मारताना व्हिडिओ हवा असतो, ठाऊक आहे मला. नको.

फारच शिकवते आहे ना? तू तिशीला आलास, एकटा देश पालथे घालतोस, भाषा येत नसताना लोकांशी मैत्री करतोस. मला शेजारच्या शहरात एकटं जायचं म्हटलं तरी आदल्या रात्री झोप नसायची. तुझे व्हिडिओ मी ओळखीच्या सगळ्यांना पाठवते, कुलकर्णीबाईंना तर दोनदा. तुला रागवायला लिहिलं नाही हे.

क्राकूवहून तू ऑशविट्झला जाणार आहेस. फोटोला तिथे मनाई नाही, फ्लॅश आणि ट्रायपॉड मात्र चालत नाहीत. चार नंबरच्या इमारतीत बायकांचे कापलेले केस ठेवले आहेत त्या खोलीत, आणि अकरा नंबरच्या तळघरात, अजिबात काढायचा नाही. लोक तिथल्या रुळांवर तोल सावरत चालतात आणि फोटो काढून घेतात. २०१९ मध्ये त्या संग्रहालयालाच जाहीरपणे सांगावं लागलं, की असं करू नका. तुला हे सांगायची गरज नाही. तरी लिहिलं.

खरंच गरज नाही, कारण मी तुला पाहिलं आहे. बाबांच्या शेवटच्या आठवड्यात, वॉर्डात पलीकडच्या खाटेच्या नातेवाइकाने मोबाइल वर केला. काय टिपत होता देव जाणे, पण बाबा त्यात येत होते, नळ्यांसकट. तू काही बोलला नाहीस, भांडला नाहीस. उठलास आणि मध्ये जाऊन उभा राहिलास, पाठ करून. तो फोन खाली जाईपर्यंत हलला नाहीस. जर्मनीत २०१५ पासून असहाय माणसाची असहायता दाखवणारा फोटो काढणं गुन्हा आहे, दोन वर्षांपर्यंत कैद. ते वाचलं तेव्हा मला तूच दिसलास. कायदा वाचून तू उभा राहिला नव्हतास. म्हणून तर बुडापेस्टचा व्हिडिओ मला इतका लागला.

दुबईचं थोडक्यात. संमतीशिवाय कुणाचा फोटो काढून त्याच्या खासगीपणात ढवळाढवळ केली, तर २०२१ च्या सायबर कायद्याने किमान सहा महिने कैद, किंवा दीड लाख ते पाच लाख दिरहॅम दंड, किंवा दोन्ही. अपघात दिसला तर मदत कर, चित्रण करू नकोस. परतीला दोनच दिवस आहेस, तेवढे निभाव.

माझे, ताईचे आणि नितीनदादाचे नंबर कागदावर लिहून पासपोर्टच्या कव्हरमध्ये ठेव. फोनमध्ये नाही, कागदावर. आणि त्या आजोबांचा तुकडा काढून टाकशील का? बाकीचा व्हिडिओ त्याशिवायही उभा राहतो. ट्राम आहे की.

तुझी,
आई

ता. क. ड्रोन नितीनदादाकडे देताना सुट्या बॅटऱ्याही दे. तुझ्याकडे राहिल्याच तर त्या हातातल्या बॅगेत ठेव, चेक-इनमध्ये टाकू देत नाहीत. अथेन्सला कुठे उतरणार ते तू अजून कळवलं नाहीस.