अक्षरांबरोबर त्यांच्या रेघाही जपाव्यात

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

अर्ज, नोंदवह्या आणि सह्या कागदावरून टॅबवर येऊ लागल्यापासून ‘मराठीत लिहिलेले यंत्राला वाचता येत नाही’ ही तक्रार वारंवार कानी येते. तक्रार खोटी नाही. मात्र दरवेळी दोष वाचणाऱ्या यंत्राचाच असतो असे नव्हे. पुष्कळदा आज्ञावली (प्रोग्रॅम) लिहिणाऱ्या आम्हीच, लिखाण यंत्रापुढे ठेवण्याआधी, त्यातला मोलाचा भाग फेकून दिलेला असतो.

काचेवर लेखणी टेकल्यापासून ती उचलेपर्यंत तिचा मार्ग बिंदूंच्या रूपाने नोंदला जातो. प्रत्येक बिंदूला आडवी-उभी जागा असते, वेळ असते आणि साधन बरे असेल तर दाबही असतो. या बिंदूंची मिळून एक रेघ होते, आणि अशा क्रमवार रेघांच्या नोंदीला आमच्या धंद्यात ‘डिजिटल इंक’ म्हणतात. त्याच लिखाणाचे चित्र करून साठवले की आकार तेवढा उरतो; कोणती रेघ आधी आली, हात कुठे थबकला, हे सारे पुसले जाते.

देवनागरीत हा क्रम किती महत्त्वाचा आहे, हे ‘गर्दी’ या एका शब्दावरून कळेल. आपण ग लिहितो, द लिहितो, दीर्घ वेलांटी देतो, वर शिरोरेघ ओढतो आणि सगळ्यात शेवटी रफाराचा आकडा काढतो. संगणकाच्या साठवणीत मात्र र हा द च्या आधी असावा लागतो. म्हणजे हाताने शेवटी काढलेली रेघ उचलून शब्दाच्या मध्ये नेऊन बसवायची असते. लेखणी क्षणभर थांबली की अक्षर संपले, असे धरून चालणारी आज्ञावली इथे हमखास फसते, कारण तिने ‘गदी’ केव्हाच पक्के केलेले असते आणि मागून आलेल्या आकड्याचे काय करावे हे तिला उमगत नाही. (मोडी लिहिणारे आधी पानभर रेघ आखून मग अक्षरे लिहीत, निदान शिरोरेघेपुरता तरी त्यांनी यंत्राला त्रास दिला नसता.) त्यातून घाईत लिहिताना शिरोरेघ गाळण्याची आपली सवय, मग घ आणि ध, भ आणि म यांतला फरक लिहिणाऱ्याच्या मनातच राहतो.

ही चूक मी स्वतः केलेली आहे. एका वाचनालयासाठी मी पुस्तकांच्या मागणीची नोंदवही टॅबवर आणली. वाचकाने लेखणीने लिहावे, यंत्राने ते टंकात बदलावे, एवढेच काम होते. एका ज्येष्ठ सभासदांनी ‘सह्याद्रीतल्या दऱ्या’ या विषयावरचे पुस्तक मागितले; पडद्यावर उमटले ‘दर्या’. ‘‘अहो, मी डोंगरात निघालो होतो, तुम्ही मला समुद्रात ढकललेत,’’ असे ते हसत म्हणाले, आणि मला माझा आळस दिसला. देवनागरी ती देवनागरी, असे म्हणून मी अक्षरओळखीसाठी हिंदी भाषेची निवड ठेवली होती, आणि हिंदीला ‘ऱ्या’मधल्या आडव्या अर्ध्या र चे काम पडत नाही. मराठीसाठी स्वतंत्र निवड उपलब्ध होती. गूगलच्या ‘एमएल किट’ या आज्ञावलीकारांसाठीच्या तयार साधनसंचातल्या डिजिटल इंकच्या सोयीत मराठी हिंदीपासून वेगळी आहे.

निवड बदलून नव्या नोंदी सुधारल्या. जुन्या मात्र सुधारता आल्या नाहीत, कारण जागा वाचवण्यासाठी मी प्रत्येक नोंदीचे चित्र आणि यंत्राने पहिला म्हणून दिलेला शब्द, एवढेच ठेवले होते. रेघा ठेवल्या असत्या, तर त्या एका रात्रीत नव्याने वाचून घेता आल्या असत्या.

म्हणून सरकारी कार्यालये, बँका, शाळा आणि त्यांची कामे घेणारे आज्ञावलीकार यांना विनंती आहे की कच्च्या रेघा जशाच्या तशा साठवाव्यात. अक्षर सुबक दिसावे म्हणून रेघ गुळगुळीत करायची असेल तर ती दाखवण्यापुरती करावी. ओळखीसाठी मूळ बिंदूच द्यावेत. वेबपानावर लिहून घेताना ब्राउझर दरम्यानचे बरेच बिंदू एकत्र करून थोडेच पुढे करतो, ते दरम्यानचे बिंदू आठवणीने मागून घ्यावे लागतात. साठवणीसाठी ‘इंकएमएल’ हा खुला नमुना डब्ल्यूथ्रीसी या वेबची मानके ठरवणाऱ्या संस्थेने सप्टेंबर २०११ मध्येच मान्य केलेला आहे, तेव्हा कोणा एका कंपनीच्या साच्यात अडकण्याचे कारण नाही. यंत्र एका लिखाणासाठी अनेक पर्याय सुचवते. तेही जपावेत आणि लिहिणाऱ्याला तिथल्या तिथे दाखवावेत, विशेषतः आडनाव आणि गावाच्या रकान्यात, जिथे ओळखीच्या शब्दांकडे झुकण्याची यंत्राची खोड सर्वाधिक नडते.

राज्य शासनाने २००९ मध्ये ल आणि श यांची मराठी वळणे प्रमाण ठरवली. पण हात शासननिर्णयाने वळत नाही. मराठी आणि हिंदी अशी दोन्ही वळणे आजही लिहिली जातात, आणि चाचणी घेताना शाळकरी मुलांबरोबर आजी-आजोबांचेही अक्षर हवे. सहीची गोष्ट तेवढी वेगळी आहे: तिच्या रेघांतला वेग आणि दाब चोराच्या हाती लागला तर नक्कल सोपी होईल, म्हणून त्या रेघा कुलूपबंद ठेवायला हव्यात.

आमच्या वाचनालयाच्या ग्रंथपाल बाई अजूनही फावल्या वेळात जुन्या नोंदींची चित्रे उघडून एकेक नाव हाताने टंकत असतात.

आपला,
एक आज्ञावलीकार वाचक, पुणे