जीर्णोद्धाराआधी फोटो तरी काढा

संपादक महोदय,

आमच्या डिचोली तालुक्यातल्या गावात काही इतिहासवेडी माणसे चार-पाच वर्षांपासून एकत्र येऊन काम करतात. त्यात निवृत्त मास्तर आहेत, बँकेतला कारकून आहे, कॉलेजची पोरे आहेत. पाऊस सोडला तर महिन्याला एक वारसा फेरी असते, चतुर्थीच्या सुटीत देवळाच्या मंडपात जुन्या फोटोंचे प्रदर्शन भरते आणि शनिवारी संध्याकाळी मोडीचा वर्ग चालतो. एकसष्टी उलटल्यावर मी त्या वर्गात पुन्हा अक्षरे गिरवतो आहे. सूनबाई हसते. हसू दे.

गेल्या फेरीत एका घराच्या विहिरीकाठी आम्ही पाणी प्यायला थांबलो. तिथल्या धुण्याच्या दगडाची एक कड कोरीव असल्याचे एका मुलाच्या लक्षात आले. चौघांनी मिळून दगड उलटला, तर वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीराच्या स्मरणाचा दगड! खालच्या चौकटीत ढाल-तलवार घेऊन लढणारा वीर, मधल्या चौकटीत त्याला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा, वर शिवलिंगापुढे हात जोडून बसलेला तोच वीर आणि माथ्यावर चंद्र-सूर्य. मातीत तोंड खुपसून पडल्यामुळेच कोरीवकाम शाबूत राहिले. घरातल्या आजी बराच वेळ पाहत होत्या. मग म्हणाल्या, "म्हणजे मी जन्मभर याच्या पाठीवर कपडे आपटले?"

कोणीतरी उत्साहाने टाइल्स धुवायचे ॲसिड घेऊन आला. त्याला तिथल्या तिथे थांबवले. साधे पाणी आणि मऊ ब्रश, एवढ्यानेच माती काढली. आता दगड अंगणात उभा आहे. आजी रोज जास्वंद वाहतात. त्यावर तेल ओतू नका, हे त्यांना सांगायचे काम माझ्या गळ्यात पडले आहे.

पण पत्र लिहायला बसलो ते दुसऱ्याच कारणाने. शेजारच्या एका गावातल्या देवळाच्या भिंतीवर कावीकाम होते. शिंपल्यांचा चुना, रेती आणि गूळ यांचा गिलावा, त्यावर तांबड्या कावेचा थर, आणि तो ओला असतानाच लोखंडी टोकाने कोरून खालचा पांढरा चुना उघडा करायचा, असे हे कसबाचे काम. लहानपणी आईबरोबर जात्रेला गेलो की मी त्या भिंतीवरचा हत्ती शोधायचो. यंदा गेलो तर भिंतीला छातीइतक्या उंचीपर्यंत चकचकीत टाइल्स आणि वर ऑइलपेंट. देवस्थान समितीतले ओळखीचे गृहस्थ कौतुकाने म्हणाले, "आता पुसायला सोपे." त्यांच्या मनात खोट नव्हती, आणि त्यामुळेच मला उत्तर सुचले नाही. हत्तीचा एकही फोटो कोणाकडे नाही.

जीर्णोद्धाराला माझा विरोध नाही. आमच्याच तालुक्यातल्या नार्वेच्या सप्तकोटीश्वराचे देऊळ शिवाजी महाराजांनी 1668 मध्ये बांधून काढले, म्हणून ते उभे राहिले. त्याच देवळाचा जीर्णोद्धार सरकारने केला आणि 2023 मध्ये ते लोकांसाठी खुले झाले. पण सप्तकोटीश्वर संरक्षित यादीत आहे. गोव्यात 1978 पासून प्राचीन स्मारकांचा कायदा आहे, मात्र त्याखाली येणारी स्थळे 50 च्या आसपास. विहिरीवरचा वीरगळ, पाणवठ्यावरची सतीशिळा, देवळातली कावी भिंत यांतले काहीच यादीत नाही. ते सगळे गवंडी आणि समिती यांच्या मर्जीवर.

पंचायत बांधकामाचा दाखला देताना नकाशा मागते, घरपट्टीची पावती मागते. जुन्या देवळाच्या कामाला त्यातच आणखी एक कागद जोडायला सांगावा: आहे त्या स्थितीतले प्रत्येक भिंतीचे फोटो. आमदार निधीतून पैसे मिळणार असतील तर हीच अट तिथेही घालावी. खर्च शून्य. समित्यांना कमीपणा वाटू नये म्हणून आमची पोरे स्वतः कॅमेरा घेऊन येतील. बोलावले तर.

दुसऱ्यांना शहाणपण सांगण्याआधी घरचे सांगतो. आमच्या माळ्यावर आजोबांच्या वेळच्या मोडी कागदांची एक पेटी होती. 1985 च्या सुमारास वाळवी लागली म्हणून वडिलांनी ती परसात नेली आणि कागद न्हाणीच्या चुलीत घालायला मीच मदत केली. पाणी छान तापले होते.

चतुर्थीच्या प्रदर्शनात या वर्षी मोडी कागद वाचून देण्यासाठी एक टेबल असेल. कागद कोणाचाही घेतला जाणार नाही, फोटो काढून जागच्या जागी परत मिळेल. चुलीजवळ ठेवलेले असतील तर आधी ते आणा.

आपला,
एक वाचक, डिचोली