प्रयोगशाळेतल्या काकांना

आदरणीय काका,
साष्टांग नमस्कार.

प्रबंध परवा जमा केला. आभाराच्या पानावर तुमचं नाव आहे, पण तुम्ही जे केलंत ते दोन ओळींत मावेना, म्हणून हे उघड पत्र.

द्राक्षबागेच्या मातीतल्या एका जिवाणूचं एएचपीसी हे प्रथिन माझा विषय. जिवाणूच्या श्वसनातून हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतं, साचलं तर त्याच्याच डीएनएवर उठतं. हे प्रथिन त्याचं पाणी करून टाकतं. कसं, ते बघायला आधी स्फटिक हवेत, आणि सात महिने प्रथिनाच्या माझ्या थेंबांत नुसता गढूळ साका.

डिसेंबरच्या त्या सकाळी मी पुन्हा थेंब लावत होते. काचेच्या चकतीवर दोन मायक्रोलिटर, चकती उलटी, कडेनं ग्रीस. तुम्ही शेजारी काचसामान विसळत होतात. म्हणालात, "ताई, तुमच्या त्या डीटीटीला आज वास कसा नाही?" डीटीटी हे थेंबात घालायचं रसायन; त्याच्या उग्र दर्पासाठी तुम्हीच रोज खिडकी उघडायचात. मी बाटली हुंगली. काहीच नाही. बाहेर राहून द्रावण केव्हाच निकामी झालं होतं.

अर्थ लागायला मला रात्र लागली. या प्रथिनाच्या ५ जोड्या मिळून १० एककांचं कडं होतं. त्यातल्या सिस्टीन या अमिनो आम्लातला गंधक मोकळा असेतो कडं टिकतं. पेरॉक्साइडशी गाठ पडून दोन गंधक एकमेकांत अडकले की ते सैल होतं, जोड्या सुटू लागतात. गंधक मोकळा ठेवण्याचं काम डीटीटीचं. माझ्या थेंबात काही कडी, काही सुट्या जोड्या. त्यांची रास एकसारखी रचली जाणार कशी?

ताजं द्रावण केलं. नवव्या दिवशी सूक्ष्मदर्शकाखाली खडीसाखरेच्या कणांसारखे स्फटिक, कडा अगदी धारदार. पहिली हाक तुम्हालाच मारली. पुढे ते गोठवून इंदूरला इंडस-२ या क्ष-किरणांच्या मोठ्या यंत्रावर न्यायचे, तर द्रव नायट्रोजनसुद्धा तुम्हीच गायी-म्हशींना कृत्रिम रेतन करणाऱ्या तुमच्या गाववाल्याकडून मिळवून दिलात.

क्ष-किरणांतून कडं स्पष्ट दिसलं. मग त्या सिस्टीनच्या जागी सेरीन हे दुसरं अमिनो आम्ल घातलं, म्हणजे गंधकाच्या एका अणूऐवजी ऑक्सिजन. घडण जवळपास तीच राहिली, पेरॉक्साइड मात्र जसंच्या तसं. सगळी मदार त्या एका अणूवर होती!

तुमच्या निरोप समारंभाला मी इंदुरात अडकले होते, ते अजून लागून राहिलंय. कड्याचं मोठं चित्र छापून घेतलंय. रविवारी सातपूरला घेऊन येते. काकूंना सांगून ठेवा.

तुमची,
खिडकीजवळच्या टेबलावरची ताई