बापाकडचं चांगलं जनुक कामी का येत नाही

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

फळमाशीचं पाठ-पोट ठरवणाऱ्या डॉर्सल जनुकावरून, म्हणजे आईच्या दोन्ही प्रती बिघडल्या तर बापाकडून चांगली प्रत मिळूनही गर्भ का मरतो यावरून, तुझ्या वर्गात झालेला घोळ जवळपास प्रत्येक वर्गात होतो. मुलं गर्भाचा जनुकसंच मांडायला बसतात आणि तिथेच फसतात. इथे गर्भाचं सोडून आईचं बघायचं. फळमाशीच्या अंडाशयात एका पेशीची चार वेळा विभाजनं होऊन 16 पेशी होतात: एक अंडपेशी, बाकीच्या 15 पोषक पेशी. त्या आपले आरएनए आणि प्रथिनं अंड्यात ओततात आणि संपून जातात. फलनानंतर पहिली 13 विभाजनं फक्त केंद्रकांची, सुरुवातीची तर आठ-दहा मिनिटांत एकेक. एवढ्या घाईत गर्भाला स्वतःची जनुकं वाचायला सवडच नसते. बापाकडून आलेली प्रत कितीही चांगली असली, तरी ती कामाला लागेपर्यंत पाठ-पोट ठरून गेलेलं असतं.

ठरतं कसं, ते फळ्यावर क्रमाने काढ. अंडपेशीचं केंद्रक एका कोपऱ्याकडे सरकतं. तिथे बनलेलं गुर्केन प्रथिन अंडपेशीला बाहेरून वेढणाऱ्या पुटक पेशींवरच्या ईजीएफ ग्राहीला (संदेश पकडणाऱ्या प्रथिनाला) चिकटतं आणि त्या बाजूला, म्हणजे पाठीकडे, पाइप जनुक बंद पडतं. पाइप चालू राहतं ते फक्त पोटाच्या बाजूच्या पुटक पेशींत, म्हणजे आईच्या शरीरपेशींत, अंडपेशीत नाही. पुढे पाइपमुळे गर्भाभोवतीच्या द्रवात, त्याच पोटाच्या बाजूला, विकरांची साखळी सुटते. शेवटचं विकर ईस्टर. ते स्पेट्झल या प्रथिनाला कापतं आणि कापलेलं स्पेट्झल टोल ग्राहीत बसतं. टोल मात्र सगळीकडे सारखंच पसरलेलं असतं, हे मुलांना ठासून सांग; दिशा ठरते ती संदेश कुठे सुटतो यावरून. टोलकडून आत निरोप गेला की कॅक्टस हे प्रथिन मोडतं आणि त्याने अडवून ठेवलेलं डॉर्सल प्रथिन केंद्रकात शिरतं. जिथे ते सर्वांत जास्त, तिथे ट्विस्ट आणि स्नेल ही जनुकं चालू होऊन मध्यस्तर (ज्यातून पुढे स्नायू होतात तो थर) बनतो.

आता क्रॉस. डॉर्सलचा दोष दुसऱ्या गुणसूत्रावर आहे, तो वळलेल्या पंखांच्या सीवायओ बॅलन्सरसमोर (दोष पिढ्यानपिढ्या टिकवायला वापरतात ते खुणेचं गुणसूत्र) ठेवलेला असतो. दोन असे पालक जुळवले की सरळ पंखांच्या माद्यांच्या दोन्ही प्रती बिघडलेल्या असतात. त्या मात्र दिसायला ठणठणीत, कारण त्यांच्या आईकडे एक चांगली प्रत होती. त्यांना साधे नर दे: सगळी अंडी वाया. उलट, तसलेच नर साध्या माद्यांना दिले की काहीच बिघडत नाही. ही उलटी जोडी केल्याशिवाय मातृप्रभाव (गर्भाचं भवितव्य आईच्या जनुकांवरून ठरणं) सिद्ध होत नाही, तेव्हा ती टाळू नकोस. तापमान 25 अंशांच्या पुढे जाऊ देऊ नकोस. 29 ला एकच चांगली प्रत असलेल्या आईलाही ती अपुरी पडते आणि तिचीही काही अंडी बिघडतात.

अंडी उबली नाहीत एवढ्यावरून निष्कर्ष काढू नये, ती मुळात फलित नसतीलही. 25 अंशांवर दीड दिवस थांब. फलित होऊन मेलेली बहुतेक तपकिरी होतात, अफलित पांढरीच राहतात. तपकिरी अंडी निम्मं पाणी घातलेल्या ब्लीचमध्ये दोन-तीन मिनिटं ठेव. अंड्याच्या पुढच्या टोकाची दोन शिंगं विरघळली की लगेच भरपूर पाण्याने धू. आतलं पातळ आवरण (पीतकपटल) हेप्टेन आणि मिथेनॉलमध्ये जोरात हलवून काढावं लागतं, नाहीतर स्लाइडवर सगळं चुरगळलेलं दिसतं. होयर माध्यम (स्लाइडवर नमुना बसवायचा द्रव) आणि लॅक्टिक आम्ल समप्रमाणात घेऊन स्लाइड रात्रभर 60 अंशांवर ठेव. सकाळी सूक्ष्मदर्शकाच्या डार्क फील्डमध्ये (काळ्या पार्श्वभूमीवर) बघ: साध्या अळीच्या पोटावर जाड दातऱ्यांचे आडवे पट्टे लख्ख दिसतात. डॉर्सल नसलेल्या आईच्या गर्भात एकही पट्टा नसतो, चहूबाजूंनी पाठीवरची बारीक लवच. वर्गाला पटतं ते इथे.

सस्तन प्राण्यांत असं होतं का, हे कोणीतरी विचारणारच. होतं. मेटर हे जनुक नसलेल्या उंदीणीचे गर्भ दोन पेशींवरच थांबतात. हे 2000 साली प्रसिद्ध झालं. माणसात एनएलआरपी7 च्या दोन्ही प्रती बिघडलेल्या बाईला पुन्हा पुन्हा द्राक्षगर्भ (गर्भाऐवजी द्राक्षांसारख्या फोडांचा घोस) राहू शकतो. पाठ-पोटाची वरची साखळी मात्र माशीचीच, ती माणसाला लावू देऊ नकोस.

पहिल्या स्लाइडचे फोटो पाठव, पट्टे मोजायला मी मदत करेन.

तुझा धाकटा भाऊ