शरण आलेला शत्रू पुन्हा उठून वार करतो : लढाईच्या नियमांतील दोषांबाबत तक्रार

प्रति,
ग्राहक तक्रार निवारण अधिकारी,
खेळ प्रकाशक कंपनी

विषय : आपल्या फँटसी रोल-प्लेइंग खेळातील शत्रूच्या शरणागतीची सदोष व्यवस्था आणि दुरुस्ती पॅचची मागणी.

महोदय,
स.न.वि.वि.

बेळगाव, खानापूर आणि निपाणी भागात आपला खेळ विकत घेतलेले आम्ही काही खेळाडू मिळून हे पत्र लिहीत आहोत. खेळाच्या विक्रीच्या पानावर आपण ठळक अक्षरांत सांगितले आहे की हरलेल्या शत्रूला जीवदान देता येईल, कैद करता येईल, आणि त्या निर्णयाचे परिणाम पुढे दिसतील. ते वाचून आम्ही पैसे मोजले. खेळात मात्र शत्रू गुडघे टेकतो, गयावया करतो आणि आपण पाठ फिरवली की उठून वार करतो. पीसी आणि कन्सोल दोन्हींवर, ताज्या पॅचनंतरही हेच होते. सपोर्टकडून खेळ पुन्हा इन्स्टॉल करण्याचा आणि ग्राफिक ड्रायव्हर अपडेट करण्याचा सल्ला आला. त्याने हे सुटणार नाही. दोष खेळाच्या नियमांत आहे आणि तो नेमका कुठे आहे हे तपासून मगच लिहीत आहोत.

दरोडेखोरांच्या कोणत्याही छावणीत जा. एकाची हेल्थ, म्हणजे अंगात उरलेल्या जीवाचा आकडा, सुमारे पाचव्या हिश्श्यावर येईपर्यंत मारा. तो हत्यार खाली करून गुडघ्यावर बसेल. आता तलवार म्यान करा, दहा पावले मागे सरा आणि काहीही करू नका. त्याची हेल्थ आपोआप भरू लागते आणि पाव हिश्श्याच्या जरा वर गेली की तो उठून तुटून पडतो. हेल्थ भरणे थांबवणारा शाप त्याच्यावर टाकला तर तोच माणूस कितीही वेळ गुडघ्यावर राहतो. उलट आपणच त्याच्यावर बरे करणारा मंत्र टाकला तर तत्क्षणी उठतो. याचा अर्थ सरळ आहे. ‘हा शरण आला’ अशी नोंद खेळ कुठेच ठेवत नाही. दर क्षणी हेल्थचा आकडा बघतो आणि त्यावरून बसायचे की लढायचे ते ठरवतो. पळून जाण्यासाठी लिहिलेल्या नियमावरच गुडघे टेकण्याची हालचाल चढवलेली दिसते, कारण ज्यांना पळायला वाट असते ते पळतात आणि ज्यांची पाठ भिंतीला लागते तेच बसतात.

शत्रूने दगा देऊच नये असे आमचे म्हणणे मुळीच नाही. आमच्याकडे बेळगावहून धारवाडला जाताना महामार्गावर कित्तूर लागते. 23 ऑक्टोबर 1824 रोजी तिथल्या लढाईत धारवाडचा कलेक्टर थॅकरे मारला गेला आणि स्टीव्हन्सन व एलियट हे दोन इंग्रज अधिकारी जिवंत हाती लागले. राणी चन्नम्मांनी त्यांना ओलीस ठेवले, बोलणी केली आणि लढाई थांबवण्याच्या आश्वासनावर सोडले. इंग्रजांनी शब्द पाळला नाही. डिसेंबरमध्ये जास्त फौज आणून किल्ला घेतला. कैदी, अट, सुटका आणि मग मोडलेला शब्द, यातला प्रत्येक टप्पा कोणीतरी विचार करून घेतलेला निर्णय होता. आपल्या खेळातही शरण आलेला सरदार महिन्याभराने माणसे जमवून परत आला तर आम्हाला ते आवडेलच. पण त्याला कारण हवे : जुने वैर, बाहेरून आलेली मदत, किंवा आपण त्याला दिलेली वागणूक. हेल्थ भरली एवढे कारण पुरत नाही.

दुसरा दोष पहिल्याहून जास्त त्रासदायक आहे. गुडघ्यावर बसलेला माणूस खेळाच्या हिशेबात शत्रुगटातच राहतो. त्यामुळे आपण हत्यार म्यान केले तरी सोबतचा धनुर्धर त्याला बाण मारतच राहतो, आणि मंत्राने बोलावलेला लांडगा तर थांबतच नाही. सोबत्याला ‘थांब’ ही आज्ञा दिली तर तो जागेवर उभा राहतो, पण बाण सोडणे चालूच ठेवतो. शरण येण्याआधी लागलेले विष, आग आणि रक्तस्रावही पुढे चालू राहतात. माणूस अभय मागता मागता विषाने मरतो आणि खेळ त्याची नोंद आपण केलेला खून म्हणून करतो. गावात नाव खराब होते, व्यापारी भाव वाढवतात. आधीच उगारलेला आणि हवेतच असलेला कुऱ्हाडीचा वार पडला तरीही तेच. जे खेळाडूच्या हातात नव्हते त्याची शिक्षा खेळाडूला होते.

दुरुस्ती अवघड नाही. शरणागती ही एकदा लागली की टिकणारी खूण करा, आणि ती फक्त ठरावीक घटनांनीच निघू द्या : कोणी मुद्दाम मारले, सुटका झाली, किंवा कथेतल्या एखाद्या प्रसंगाने ती मोडली. खूण लागताच त्या माणसाला दोन्ही बाजूंशी तटस्थ अशा वेगळ्या गटात हलवा आणि सोबत्यांच्या व बोलावलेल्या प्राण्यांच्या लक्ष्ययादीतून त्याचे नाव काढा. अंगावरचे विष, आग, रक्तस्राव त्याच क्षणी थांबवा. त्यानंतर साधारण दीड सेकंद त्याला कोणताही वार लागू नये, म्हणजे आधी निघालेले बाण आणि उगारलेली हत्यारे निभावून जातील. त्यानंतर नेम धरून मारले तर तो खून खुशाल आमच्या नावावर लिहा. 2023 च्या बाल्डर्स गेट 3 या खेळात जीव न घेता मारायचे असेल तर तसा पर्याय आधी चालू करावा लागतो आणि तो फक्त जवळच्या वारांना लागू होतो, बाणांना आणि मंत्रांना नाही. नियम कडक आहे, पण वार करण्याआधी माहीत असतो.

शरण कधी यावे, हाही प्रश्न आहेच. सध्या प्रत्येक जण फक्त स्वतःची हेल्थ बघतो. आठ जणांची टोळी आपल्याला घेरून मारत असते, तेव्हा पहिला जखमी झालेला गुडघे टेकतो. उलट म्होरक्या पडला, सहा जण मेले, तरी उरलेला धडधाकट दरोडेखोर एकटाच प्राण जाईपर्यंत लढतो. कागद-फाशांच्या खेळांनी हे फार पूर्वी सोडवले आहे. डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या 1981 च्या बेसिक संचात प्रत्येक जीवाला 2 ते 12 असा मनोधैर्याचा आकडा होता. बाजूचा पहिला गडी पडला की एकदा, आणि निम्मे पडले की पुन्हा एकदा, दोन फासे टाकायचे. बेरीज आकड्याहून जास्त आली तर धीर सुटला. दोन्ही वेळा टिकले तर मरेपर्यंत लढणार. मनोधैर्य 7 असेल तर एका फेकीत धीर सुटण्याची शक्यता 36 पैकी 15, म्हणजे सुमारे 42 टक्के. 9 असेल तर सुमारे 17 टक्के. 11 असेल तर 36 पैकी फक्त 1. आकडा थोडा हलला की टोळीचा स्वभाव बदलतो. भाडोत्री सैनिकाला 7, राजाच्या अंगरक्षकाला 10 आणि कट्टर पंथीयाला 12 द्या. तीन गट लगेच वेगळे वाटू लागतील.

1998 च्या पहिल्या बाल्डर्स गेटमध्येही मनोधैर्याचा आकडा होता. तो ठरावीक पातळीखाली गेला की पायाखालचे वर्तुळ पिवळे होऊन तो जीव सैरावैरा पळायचा आणि काही वेळाने सावरायचा. भीतीच्या बाबतीत ते योग्यच आहे, कारण भीती ओसरते. आपण शरणागतीला भीतीचाच नियम लावला, तिथे गाडे अडले. सांगाडे आणि दगडी पुतळेही दरोडेखोरांसारखेच गुडघे टेकतात, तेही बंद करा. लांडग्याने पळावे, सांगाड्याने तुटेपर्यंत लढावे.

बक्षिसाचे गणितही उलटे बसले आहे. मारले तर पूर्ण एक्सपी, म्हणजे अनुभवाचे गुण, आणि सगळी लूट. जीवदान दिले तर एक्सपी शून्य आणि त्याची पिशवी कुलूपबंद. 2015 च्या अंडरटेल या खेळातही जीवदान दिले की एक्सपी मिळत नाही, पण तिथे सगळी कथाच त्या निवडीवर उभी आहे. आपल्याकडे सोडलेला माणूस नंतर कुठेच भेटत नाही. शरण येताक्षणी पूर्ण एक्सपी द्या, मात्र एका माणसामागे एकदाच. नाहीतर सोडून पुन्हा झोडपण्याचा धंदा सुरू होईल. हत्यार आणि पैसे काढून घेण्याचा पर्याय संवादातच द्या. 2018 च्या किंगडम कम : डिलिव्हरन्समध्ये शरण आलेल्याशी बोलता येते आणि त्याला सोडताही येते, निदान तेवढे तरी करा.

आता सेव्हबद्दल, म्हणजे खेळ जिथवर आला तिथे साठवून ठेवण्याबद्दल. गुडघ्यावरचा माणूस शत्रू म्हणून मोजला जात असल्याने लढाई संपतच नाही आणि लढाई चालू असताना सेव्ह बंद असते. खानापूर भागात पावसाळ्यात लाईट कधी जाईल याचा नेम नसतो. ज्याने दया दाखवली त्याची मेहनत जाते, आणि ज्याने मान उडवली त्याला लगेच सेव्ह करता येते. नशिबाने सेव्ह झालेच, तरी लोड केल्यावर तो माणूस पुन्हा हत्यार घेऊन उभा असतो, कारण शरणागतीची नोंद सेव्ह फाईलमध्ये जातच नाही. शरण येण्याची खूणही फक्त इंग्रजी संवादातून कळते. आवाज बंद ठेवून खेळणाऱ्याला ती कळत नाही. डोक्यावर एखादे चिन्ह द्या. नुसता रंग नको, आकारही वेगळा हवा, म्हणजे रंगांधळ्यांनाही दिसेल.

ई-कॉमर्सच्या 2020 च्या नियमांप्रमाणे तक्रारीची पोच 48 तासांत आणि निवारण एक महिन्यात व्हायला हवे. शरणागतीची टिकणारी खूण, वेगळा गट आणि सेव्हमधील नोंद या तीन दुरुस्त्या कोणत्या पॅचमध्ये येतील हे आपण त्या मुदतीत लेखी कळवावे. ते जमणार नसेल तर आमचे पैसे परत करावेत आणि विक्रीच्या पानावरचे जीवदानाचे वाक्य काढावे. ग्राहक संरक्षण कायदा 2019 नुसार ग्राहकाला आपण राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार दाखल करता येते, त्यामुळे गरज पडल्यास आम्ही बेळगावच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाऊ.

सोबत सेव्ह फाईल्स, शाप आणि मंत्राच्या दोन्ही चाचण्यांचे व्हिडिओ आणि खरेदीच्या पावत्या जोडल्या आहेत. आपल्या तंत्रज्ञांना आणखी चाचण्या हव्या असतील तर कोणत्या ते कळवावे, आम्ही करून पाठवू.

कळावे,
आपले,
बेळगाव, खानापूर व निपाणी भागातील ग्राहक खेळाडू