कर्ज कोणत्या कामासाठी, हे सांगा

महोदय,

केंद्राच्या अशाच कायद्याच्याही आधी, २००२ मध्ये, कर्नाटकाने वित्तीय जबाबदारी कायदा केला आणि महसुली तूट (रोजच्या खर्चाला उत्पन्न अपुरे पडणे) संपवण्याचे व राजकोषीय तूट, म्हणजे वर्षभरात काढावे लागणारे कर्ज, राज्याच्या सकल उत्पादनाच्या ३ टक्क्यांत ठेवण्याचे बंधन स्वतःवर घालून घेतले. कुटुंबप्रमुख महिलांसाठीच्या राज्य सरकारच्या 'गृहलक्ष्मी' योजनेचे दरमहा २००० रुपये आमच्याही घरी येतात, त्यांतून महिन्याचा किराणा भागतो, त्यामुळे अशा योजनांना सरसकट उधळपट्टी म्हणणे मला अन्यायाचे वाटते. परंतु रोजचा खर्च भागवण्यासाठीच कर्ज काढले, तर त्या ३ टक्क्यांत रस्ते, पूल आणि बंधाऱ्यांना वाव उरत नाही. बेळगाव जिल्ह्यातील खानापूर तालुक्याच्या जंगलपट्ट्यातील लोकांना पावसाळ्यात भरलेले ओढे जीव मुठीत धरून ओलांडावे लागतात (यात शाळकरी मुलेही आली), त्यांना ही कमतरता सर्वांत आधी जाणवते. कर्जाची ही ३ टक्क्यांची मर्यादा राज्याने वाढवून मागण्यास माझा विरोध नाही. मात्र बेळगावच्या सुवर्ण विधानसौधमध्ये हिवाळी अधिवेशन भरेल, तेव्हा कर्जातील किती रक्कम भांडवली (रस्ते, पूल अशा टिकाऊ) कामांवर खर्च झाली, याचा तालुकानिहाय तक्ता सरकारने सभागृहापुढे ठेवावा आणि तो सीमाभागातील नागरिकांना मराठीतही उपलब्ध करून द्यावा.

– एक वाचक, खानापूर